डीप झूममध्ये अचूकता की स्पीड? १०^१३ नंतर चित्राचे ठोकळे का होतात आणि पुढे कसं जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने सी प्लस प्लसमध्ये मँडेलब्रॉट झूमर, म्हणजे मँडेलब्रॉट सेट या फ्रॅक्टलचं चित्र मोठं करत आत आत जाणारा प्रोग्राम, लिहिलाय. १०^१३ च्या आसपास झूम गेला की चित्राचे ठोकळे दिसतात. हवे तेवढे अंक देणारी लायब्ररी लावली तर चित्र बरोबर येतं पण एक फ्रेम रात्रभरातसुद्धा पूर्ण होत नाही. कॉलेजच्या प्रदर्शनात १०^५०० पर्यंतचा व्हिडिओ दाखवायचाय, आणि विचारतोय की अचूकता थोडी कमी केली तर चालेल का, की सरळ चांगलं ग्राफिक्स कार्ड घेऊ.

कार्ड घेऊ नकोस, आणि अचूकता सरसकट कमीही करू नकोस. तुझ्या फ्रेममध्ये वीस लाख पिक्सेल आहेत आणि त्यातल्या फक्त एकाच बिंदूला खरी जबरदस्त अचूकता लागते, बाकीच्या सगळ्यांचं साध्या डबलमध्ये, म्हणजे सी प्लस प्लसच्या ६४ बिटांच्या नेहमीच्या दशांश आकड्यात, भागतं, हे एकदा कळलं की अचूकता आणि स्पीड यातलं भांडण बहुतेक संपतं. मी अंबड एमआयडीसीत मोजमापाच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे पोटापाण्याचं कामच दशांश चिन्हानंतरच्या अंकांचं, आणि फ्रॅक्टलचा नाद कॉलेजपासूनचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ठोकळे का येतात ते बघ, कारण हे नीट समजल्याशिवाय पुढचं सगळं पाठांतर होईल. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक कॉम्प्लेक्स आकडा सी; झेड शून्यापासून सुरू करून नवा झेड = झेडचा वर्ग + सी ही पायरी (इटरेशन) परत परत करायची, आणि किती पायऱ्यांत झेड मोठा होऊन बाहेर पळतो (एस्केप होतो) त्यावरून रंग ठरतो. डबलमध्ये ५३ बिटांचा मँटिसा, म्हणजे आकड्याचे अंक ठेवणारा भाग, असतो, म्हणजे साधारण १५-१६ दशांश अंक. मँडेलब्रॉट सेटमधले आकडे १ च्या आसपासचे, आणि १ ते २ च्या दरम्यान लागोपाठच्या दोन डबलमधलं अंतर २.२ × १०^-१६ असतं, अर्धा ते १ मध्ये त्याच्या निम्मं. आता फ्रेमची रुंदी १०^-१३ आणि त्यात १९२० पिक्सेल म्हटल्यावर दोन पिक्सेलमधलं अंतर आलं ५ × १०^-१७ च्या आसपास, म्हणजे डबलला जे दिसतं त्यापेक्षा लहान, मग शेजारच्या दोन-चार पिक्सेलना तोच सी मिळतो आणि तोच रंग. नीट बघितलंस तर ठोकळे पुष्कळदा चौकोनी नसून आडवे किंवा उभे लांबट असतात, कारण एक्स समजा १.२ आहे आणि वाय ०.१, तर वायच्या दिशेला डबलची जाळी जास्त बारीक असते. फ्लोटचं, म्हणजे डबलच्या ३२ बिटांच्या लहान भावाचं, तर याहून लवकर संपतं, २४ बिट म्हणजे सातेक अंक, तिथे १०^४ च्या झूमलाच हाच खेळ सुरू होतो.

हा प्रश्न काही आजचा नाही. १९८८ मध्ये फ्रॅक्टइंट हे फ्रॅक्टल काढणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा बहुतेक घरच्या पीसीत फ्लोटिंग पॉइंटची वेगळी चिपच नसायची, म्हणून त्या मंडळींनी सगळं गणित इंटीजरमध्ये, म्हणजे पूर्णांकांत, बसवलं, नावातच ते आलंय. त्या काळात ते तुफान पळायचं, पण ३२ बिटांच्या इंटीजरमध्ये जास्त खोल जाता येत नाही, म्हणजे स्पीडसाठी अंक सोडले होते. आज तू उलट टोकाला आहेस, अंकांसाठी स्पीड सोडलास.

किती सोडलास त्याचा ढोबळ हिशोब करू. १०^५०० साठी ५०० × ३.३२२ म्हणजे १६६१ बिट लागतात, वर थोडी शिल्लक ठेवून १७२८ बिट धर, म्हणजे ६४ बिटांचे २७ शब्द. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, प्रत्येकाला सरासरी ५०,००० इटरेशन धरली (हा आकडा जागेनुसार खूप बदलतो) तर एका फ्रेमला १०,३६८ कोटी इटरेशन होतात, आणि प्रत्येक इटरेशनला निदान तीन मोठे वर्ग किंवा गुणाकार. एक गुणाकार ०.२ मायक्रोसेकंदात झाला म्हण, तरी एका कोरवर नुसत्या गुणाकारांचे १७ तास. बेरजा, मेमरी अलोकेशन हे सगळं वेगळंच, आणि लायब्ररी प्रत्येक पायरीला नवीन व्हेरिएबल बनवत असेल तर अजून जास्त. रात्रभरात संपत नाही यात तुझ्या कोडची चूक नाही, कामच तेवढं आहे. आणि व्हिडिओसाठी दर दुप्पट झूमला एक फ्रेम म्हटलं तरी १६६१ फ्रेम लागतात, सगळ्यात खोल फ्रेमचा दर सगळीकडे लावला तर तीन वर्षांहून जास्त. आठ कोर लावून, कार्ड लावून हे अंतर तुटत नाही, पद्धतच बदलावी लागते.

मधला एक उपाय आहे तोही सांगतो कारण कोणीतरी सुचवेलच. डबल-डबल, म्हणजे एक आकडा दोन डबलची बेरीज म्हणून धरायचा, डेकरने १९७१ मध्ये मांडलेली युक्ती, त्याने ३१-३२ अंक मिळतात आणि साधारण १०^२७ च्या पलीकडे थोडं जाता येतं. दहा-वीस पट हळू पडतं पण मोठ्या लायब्ररीपेक्षा खूपच बरं. मात्र हे वापरताना कंपायलरचा फास्ट-मॅथचा फ्लॅग लावू नकोस, कारण या युक्तीचा सगळा जीव बेरजेत हरवलेला तुकडा वजाबाकीने परत काढण्यात आहे आणि तो फ्लॅग लावला की कंपायलर बीजगणित करून म्हणतो हे उत्तर तर शून्यच, आणि तो तुकडा उडवून टाकतो, मग कोड डबल-डबलचा, वेळ डबल-डबलचा आणि चित्र मात्र साध्या डबलचं. तुला १०^५०० ला जायचंय, त्यामुळे यात वेळ घालवू नकोस.

आता मुख्य गोष्ट. २०१३ मध्ये के. आय. मार्टिन यांनी सुपरफ्रॅक्टलथिंग नावाचं सॉफ्टवेअर काढलं आणि त्यासोबत दोन-तीन पानांत गणित दिलं, डीप झूमचं सगळं जगच त्याने बदललं. त्याला पर्टर्बेशन म्हणतात. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागेत वेली लावताना दोन वेलींमधलं अंतर कोणी मुंबईपासून मोजत नाही, रांगेतला पहिला खांब कुठे रोवायचा ते एकदा पक्कं करायचं आणि पुढची सगळी टेप त्या खांबापासून लावायची, तसंच हे आहे. फ्रेममधला एक बिंदू घ्यायचा, बहुतेक मधला, त्याची पूर्ण ऑर्बिट, म्हणजे प्रत्येक पायरीच्या झेडची यादी, १७२८ बिटांत काढायची, ही रेफरन्स ऑर्बिट. प्रत्येक पायरीचा झेड डबलमध्ये उतरवून अ‍ॅरेत ठेवायचा. मग बाकीच्या प्रत्येक पिक्सेलसाठी स्वतःचा झेड काढायचाच नाही, फक्त रेफरन्सपासूनचा फरक, म्हणजे डेल्टा, पुढे न्यायचा:

नवा डेल्टा = २ × झेड × डेल्टा + डेल्टाचा वर्ग + डेल्टा-सी

यात झेड रेफरन्सचा, डेल्टा-सी म्हणजे त्या पिक्सेलचं रेफरन्सपासूनचं अंतर. हे कुठलंही अंदाजाचं सूत्र नाही हे लक्षात घे, मूळ समीकरणात झेड अधिक डेल्टा घालून रेफरन्सचं समीकरण वजा केलं की तंतोतंत हेच उरतं, वहीवर दोन ओळींत करून बघ. मग ५३ बिट पुरतात कसे? कारण डेल्टा १०^-५०० एवढा लहान असला तरी त्याचे स्वतःचे १६ अंक शाबूत असतात. मूळ पद्धतीत १ च्या आकाराच्या आकड्यात ५०० अंकांनंतरचा फरक शोधायचा असतो म्हणून ५०० अंक वाहून न्यावे लागतात, इथे तो फरकच थेट हातात असतो.

वेळेचं बघ. रेफरन्स ऑर्बिट म्हणजे ५०,००० × ३ गुणाकार, ०.०३ सेकंद. बाकी १०,३६८ कोटी इटरेशन साध्या डबलमध्ये, एका कोरवर पाच-सहा मिनिटं, आठ कोरवर मिनिटाच्या आत. १७ तासांवरून मिनिटावर आलो आणि अंक एकही सोडला नाही.

आता यातला खड्डा, आणि हा महत्त्वाचा आहे कारण चित्र सुंदर दिसत असतानाच ते चुकलेलं असू शकतं. झेड आणि डेल्टा कधीकधी जवळजवळ समान आणि विरुद्ध चिन्हाचे होतात, बेरीज शून्याजवळ जाते, आणि तिथे पुढचे अंक कटून फक्त कचरा उरतो. मग त्या भागात एकसारख्या रंगाचा सपाट डाग पडतो किंवा भलतीच नक्षी येते, याला ग्लिच म्हणतात. सुरुवातीला लोक हे डोळ्याने शोधायचे. २०१४ मध्ये पॉलडेलब्रॉट या नावाने लिहिणाऱ्याने साधी कसोटी दिली, की झेड अधिक डेल्टा हे झेडच्या मानाने फारच लहान झालं, समजा हजारावा भाग, तर त्या पिक्सेलवर विश्वास ठेवू नका, त्या भागात नवीन रेफरन्स घेऊन परत काढा. कार्ल रुन्मो यांच्या कालेस फ्रॅक्टालरमध्ये पुष्कळ काळ असंच चालायचं, एका फ्रेमला कितीतरी रेफरन्स लागायचे.

तू ती भानगड करू नकोस. २०२१ मध्ये झुओरान या नावाने लिहिणाऱ्याने रीबेसिंग सुचवलं आणि मला आजपर्यंत या विषयात दिसलेली सगळ्यात देखणी कल्पना ती वाटते. प्रत्येक पायरीला बघायचं, झेड अधिक डेल्टाचा आकार डेल्टापेक्षा लहान झाला का? झाला असेल तर ती बेरीज हाच नवा डेल्टा धरायचा आणि रेफरन्स ऑर्बिट पुन्हा शून्याव्या पायरीपासून वापरायला घ्यायची. शून्याव्या पायरीला रेफरन्सचा झेड शून्यच असतो, त्यामुळे शून्य अधिक नवा डेल्टा म्हणजे तोच बिंदू, काहीही बिघडत नाही, आणि कटाकटीची वेळ येण्याआधीच आपण बाजूला झालेलो असतो. रेफरन्स लवकर एस्केप झाला आणि अ‍ॅरे संपला तरी हेच करायचं. कोडमध्ये चार ओळी, आणि एका फ्रेमला एकच रेफरन्स पुरतो.

एक बारीक गोष्ट जी कुठे पटकन सापडत नाही. ही तुलना सगळे सवयीने वर्गांची करतात, एक्स वर्ग अधिक वाय वर्ग. पण डेल्टा १०^-१६२ च्या खाली गेला की त्याचा वर्ग डबलमध्ये शून्य होतो, आणि झेड अधिक डेल्टाही तेवढाच लहान झाला तर शून्याची शून्याशी तुलना होऊन रीबेसिंग व्हायचं तिथे होत नाही. वर्ग करू नकोस, एक्स आणि वायच्या ॲब्सोल्यूट किमतींतली मोठी घे आणि त्यांची तुलना कर, तेवढं पुरतं.

तिथूनच पुढचा विषय येतो तो घातांकाचा. डबलचे अंक पुरतात पण त्याची रेंज १०^-३०८ ला संपते, डीनॉर्मल (कमी अंक ठेवणारे अतिलहान आकडे) धरून १०^-३२४ च्या जवळपास. तुझा डेल्टा-सी १०^-५०० चा, म्हणजे तो सरळ शून्य होणार आणि अख्खी फ्रेम एकाच रंगाची येणार. उपाय दोन. एक, प्रत्येक आकड्याला डबलसोबत वेगळा इंटीजर घातांक द्यायचा, ज्याला फ्लोटएक्स्प म्हणतात, हे नेहमी बरोबर येतं पण बऱ्यापैकी हळू आहे. दुसरा, डेल्टाला एका सामाईक स्केलने भागून ठेवायचं, आत १ च्या आकाराचा डबल फिरवायचा आणि मधूनमधून स्केल बदलायचं, हे डबलच्या जवळपास पळतं. फक्त रेफरन्सचा झेड स्वतः अतिशय लहान होतो अशा मोजक्या पायऱ्या असतात, मिनीब्रॉटजवळ (सेटच्या आत सापडणाऱ्या त्याच्याच छोट्या प्रतीजवळ) हमखास, तिथे डेल्टाचा वर्ग सोडून देऊन चालत नाही आणि तेवढ्या पायऱ्या फ्लोटएक्स्पमध्ये करायच्या, आणि त्या पायऱ्यांचा झेडही पूर्ण घातांकासह वेगळा साठवायचा, नाहीतर अ‍ॅरेत उतरवतानाच शून्य होऊन बसेल.

माझं मत विचारशील तर प्रदर्शनासाठी १०^२९० ला थांब. त्यात घातांकाचं काहीच करावं लागत नाही, साधा डबल पुरतो, आणि बघणाऱ्याला १०^२९० आणि १०^५०० मध्ये डोळ्याने फरक कळत नाही. ते नीट चाललं आणि वेळ उरला तर ५०० कर.

स्पीड अजून हवा असेल तर पिक्सेलच्या पायऱ्याच उडवता येतात. डेल्टा लहान असताना त्याचा वर्ग नगण्य असतो, मग उरतं ते सरळ रेषेतलं समीकरण आणि अशा शेकडो-हजारो पायऱ्या एकत्र करून एकच पायरी बनवता येते: पुढचा डेल्टा = ए × डेल्टा + बी × डेल्टा-सी. एका पायरीसाठी ए म्हणजे २ × झेड आणि बी म्हणजे १, दोन लागोपाठच्या पायऱ्या जोडल्या की ए चा गुणाकार होतो, मग दोनाच्या चार, चाराच्या आठ असं झाडासारखं टेबल बांधायचं. याला बीएलए (बायव्हेरिएट लिनिअर अप्रॉक्सिमेशन) म्हणतात, रीबेसिंगच्या सोबतच तेही आलं. त्याआधी सिरीज अ‍ॅप्रॉक्सिमेशन असायचं, ते फक्त सुरुवातीच्या पायऱ्या उडवायचं, बीएलए मधल्याही उडवतं, म्हणून सरळ हेच शिक. प्रत्येक उडीला एक मर्यादा असते, डेल्टा अमुक आकारापेक्षा लहान असेल तरच ती उडी मारायची, आणि ही मर्यादा ठरवताना एक एप्सिलॉन, म्हणजे किती चूक चालवून घ्यायची तो आकडा, निवडावा लागतो.

अचूकता विरुद्ध स्पीड हा तुझा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे येतो. एप्सिलॉन २^-५३ ठेवलास तर डबलच्या शेवटच्या बिटापर्यंत काळजी घेतली जाते पण उड्या लहान पडतात, २^-२४ ठेवलास तर उड्या मोठ्या, वेळ पुष्कळ वाचतो आणि माझ्या बघण्यात बहुतेक जागी डोळ्याला फरक दिसत नाही. पण बहुतेक म्हणजे सगळीकडे नाही, ज्या जागी नक्षी खूप दाट आहे आणि इटरेशन लाखांत आहेत तिथे बारीक फांद्या सरकलेल्या दिसतात. मी आधी सैल ठेवून जागा शोधतो आणि शेवटची फ्रेम कडक एप्सिलॉनने काढतो.

ग्राफिक्स कार्डाचंही इथेच सांगतो. घरगुती कार्डांत डबलचा वेग फ्लोटच्या ३२ वा किंवा ६४ वा भाग असतो, म्हणजे जाहिरातीतला मोठा आकडा फ्लोटचा आहे, तुझ्या कामाला तो लागू पडत नाही. फ्लोटमध्ये पर्टर्बेशन करता येतं, पण दर पायरीला थोडी चूक साचत जाते, दहा लाख इटरेशन म्हणजे साधारण २^२०, सगळ्या चुका एकाच बाजूला साचल्या तर २४ पैकी ४ बिट उरतील, ५३ पैकी मात्र ३३ उरतात. प्रत्यक्षात चुका एकमेकींना खातात त्यामुळे एवढं वाईट होत नाही, पण डबलमध्ये जी निश्चिंती आहे ती फ्लोटमध्ये नाही. शिवाय रेफरन्स ऑर्बिट एकामागून एक पायरी अशीच काढावी लागते, ती कार्डावर पसरत नाही. आहे त्या लॅपटॉपचे सगळे कोर वापर.

मोठ्या अंकांची लायब्ररी वापरताना होणारी हमखास चूक म्हणजे सेंटरचे आकडे कोडमध्ये डबल म्हणून लिहिणं किंवा फाइलमधून डबल म्हणून वाचणं. ५०० अंकी आकडा डबलमधून एकदा गेला की १६ अंकांनंतर तो वेगळाच बिंदू झाला, पुढे कितीही बिट लावले तरी ते अंक परत येत नाहीत. स्ट्रिंग म्हणून वाच आणि थेट मोठ्या प्रिसिजनच्या व्हेरिएबलमध्ये टाक.

आणि तपासल्याशिवाय कुठलीही फ्रेम बरोबर मानू नकोस. १६० × ९० ची छोटी फ्रेम घे, म्हणजे १४,४०० पिक्सेल, ती जुन्या हळू पद्धतीने सगळीच्या सगळी मोठ्या अंकांत काढ, आठ कोरवर एक-दीड मिनिटाचं काम आहे, आणि नव्या पद्धतीच्या इटरेशनच्या आकड्यांशी पिक्सेल-पिक्सेल ताडून बघ. तुझा जुना कोड टाकून देऊ नकोस, तो यासाठी लागेल. मोठी फ्रेम तपासायची तर रेफरन्सचा बिंदू बदलून परत काढ, बरोबर चित्र रेफरन्स कुठे आहे यावर अवलंबून नसतं. फरक दिसला की कुठला रोग आहे ते लक्षणांवरून कळतं: ठोकळे म्हणजे बिट संपले, सपाट डाग म्हणजे ग्लिच, सगळं एकाच रंगाचं म्हणजे घातांक संपला, आणि काळे गुबगुबीत गोळे म्हणजे बहुतेक वेळा इटरेशनची कमाल मर्यादाच कमी पडली, त्याचा अचूकतेशी संबंध नाही, तिथे लोक उगाच बिट वाढवत बसतात.

व्हिडिओसाठी सेंटर एकच असल्यामुळे रेफरन्स ऑर्बिट सगळ्यात खोल अचूकतेने एकदाच काढ आणि सगळ्या फ्रेमला तीच वापर. झूम दुप्पट होईल तशी एक कीफ्रेम, मधल्या फ्रेम दोन कीफ्रेमवरून मोठ्या-लहान करून बनव, कीफ्रेम थोड्या जास्त रिझोल्यूशनला काढल्यास तर मधे धूसर दिसत नाही. सेकंदाला पाच दुप्पट या वेगाने १०^५०० पर्यंत साडेपाच मिनिटं होतात, १०^२९० ला साधारण सव्वातीन, प्रदर्शनात उभं राहून बघणाऱ्याला तेवढं पुष्कळ आहे.

रेंडर रात्री लाव, आता थंडी आहे तोवर लॅपटॉप कमी तापतो आणि कोर पूर्ण वेगाने चालतात. लाइट जाणार हे धरूनच चाल, म्हणून प्रत्येक कीफ्रेम झाली की लगेच डिस्कवर लिही आणि प्रोग्राम सुरू होताना कुठली फाइल नाही ते बघून तिथून पुढे जाऊ दे. फाइलमध्ये रंग लिहू नकोस, प्रत्येक पिक्सेलची इटरेशनची स्मूथ (अपूर्णांकातली) किंमत फ्लोटमध्ये लिही, इथे फ्लोट पुरतो. एका फ्रेमला ८ एमबीच्या थोडं वर, १६६१ फ्रेमला १४ जीबीच्या आत बसतं, आणि रंग आवडले नाहीत तर सगळं गणित परत न करता फक्त पॅलेट बदलून व्हिडिओ पुन्हा बनवता येतो.